स्वतंत्र व्यावसायिकाला सुटी कोण देणार?

लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण, साठीशांत, मुलाचा पहिला वाढदिवस. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबातील असा प्रसंग आता विरळाच, की ज्याला छायाचित्रकार हजर नसतो. गावोगावचे अनेक तरुण, आणि आता तरुणीही, या व्यवसायात आहेत. त्यांतील पुष्कळांचे दुकान म्हणजे एक कॅमेरा, एक संगणक आणि खिशातला मोबाइल. त्यांना मालक नाही, हजेरीपट नाही, साहेबाची बोलणी नाहीत. म्हणून आपण त्यांना स्वतंत्र म्हणतो. परंतु या स्वातंत्र्याचा जमाखर्च मांडू लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कारखान्यातील कामगाराला, कचेरीतील कारकुनाला आणि शाळेतील शिक्षकाला जी गोष्ट कायद्याने व रूढीने मिळालेली आहे ती, म्हणजे कामाचा दिवस संपण्याची ठरलेली घटका, या स्वतंत्र माणसाच्या वाट्याला येत नाही. तो कॅमेरा खाली ठेवतो तेव्हा त्याचे उरलेले काम सुरू होते. आणि त्या उरलेल्या कामाचा मोठा भाग म्हणजे अखंड येत राहणाऱ्या ई-मेलना आणि निरोपांना उत्तरे देणे.

घरगुती शिकवण्या घेणारी बाई, करसल्लागार, गृहसजावटकार, घरून केक करून विकणारी गृहिणी, या साऱ्यांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे. छायाचित्रकाराचे उदाहरण घ्यावयाचे ते अशासाठी, की त्याच्या व्यवसायात हा प्रश्न सर्वांत उघडा दिसतो. इतरांची कुटुंबे ज्या दिवशी एकत्र येतात तोच त्याचा कामाचा दिवस. रविवार, दिवाळी, मे महिन्यातील मुहूर्त हे सारे त्याने दुसऱ्यांच्या घरी घालवावयाचे, हे व्यवसायाच्या स्वरूपातच आहे आणि त्याबद्दल त्याची तक्रार नसते. त्याच्या मोबदल्यात आठवड्याच्या मधल्या वारांचा निवांतपणा त्याला मिळे. तो निवांतपणा आता नाहीसा झाला आहे, आणि तो कोणी घेतला हे नीट पाहिले पाहिजे.

फिल्मच्या काळातील कुंपण

फिल्मच्या काळी कामाला स्वाभाविक मर्यादा होत्या. एका रोलमध्ये ३६ चित्रे. रोल महाग, म्हणून प्रत्येक चित्र मोजून काढावयाचे. कृष्णधवल फिल्म धुवावयाची तर डार्करूममध्ये, आणि तेथे काम चालू असताना दार उघडणे म्हणजे सारे काम वाया घालविणे. रंगीत फिल्म लॅबकडे जाई आणि तेथून परत येईपर्यंत छायाचित्रकार व यजमान दोघेही थांबून राहत. “अल्बम पंधरा दिवसांनी मिळेल” असे सांगितले की पंधरा दिवस कोणी विचारीत नसे. विचारावयाचे झाले तर दुकानाची पायरी चढावी लागे, आणि दुकान रात्री बंद असे.

कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. पुढे या तंत्राने फिल्मचा बाजार इतका गिळला की जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅक कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. इकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि पुढील दोन दशकांत ई-मेल व मोबाइलवरील निरोप सर्वांच्या हाती आले. या दोन्ही बदलांनी छायाचित्रकाराचे भले केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. लहान गावातील होतकरू मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी गाळा भाड्याने न घेता गिऱ्हाईक मिळू लागले. न्यू जर्सीत राहणारे कुटुंब साताऱ्यातील मुंजीसाठी ई-मेलवरून छायाचित्रकार ठरवू शकते, हे पूर्वी संभवतच नव्हते.

परंतु जुन्या मर्यादा गेल्या त्याबरोबर त्यांनी घातलेले कुंपणही गेले. आता एका लग्नात दोन-तीन हजार चित्रे सहज निघतात. त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावयाच्या, त्यांतून निवड करावयाची, रंग व उजेड सारखा करावयाचा, यजमानांकडे निवडीसाठी पाठवावयाची, त्यांची निवड आली की अल्बमची पाने जुळवावयाची, ती पुन्हा पाठवावयाची, दुरुस्त्या करावयाच्या आणि मग छपाई. यातील प्रत्येक टप्प्यावर पत्रव्यवहार आहे. फोटो आजच का मिळत नाहीत, हे यजमानांना समजत नाही. कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे फोटो तर कॅमेऱ्यात तयारच आहेत! समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होणारा “दादा, फोटो कधी मिळतील?” हा प्रश्न या समजुतीतून जन्मतो.

नॉटपेड पत्रांचे ओझे

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे मूळ मुद्दा असा, की निरोप पाठविण्याचा खर्च कोण सोसतो. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये टपालाचे पैसे सामान्यतः पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. रोलंड हिल यांच्या सुधारणेने तो भार पाठविणाऱ्यावर आला. आपल्याकडे १८५४ मध्ये पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा दर ठरला आणि तिकीट लावून पत्र पाठविण्याची प्रथा रूढ झाली. तिकीट न लावलेले नॉटपेड पत्र आले तर घेणाऱ्याला भुर्दंड पडे. म्हणून असे पत्र पाठविणे असभ्यपणाचे समजले जाई. तारेचे तर आणखी वेगळे होते. शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे तार करणारा माणूस दोनदा विचार करी, आणि तार आली म्हणजे काही तातडीचे आहे हे घेणाऱ्याला वाचण्यापूर्वीच कळे. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडील तारसेवा बंद झाली. त्या आधीच पुष्कळ वर्षे तातडी आणि दर यांचा हा संबंध तुटला होता.

आजचा निरोप पाठविणाऱ्याला जवळजवळ फुकट पडतो. घेणाऱ्याला तो फुकट पडत नाही. त्याला तो वाचण्याचा, संदर्भ शोधण्याचा, उत्तर देण्याचा वेळ द्यावा लागतो. याचा अर्थ असा, की १८४० पूर्वीची स्थिती आपण पुन्हा आणली आहे. फरक एवढाच, की घेणारा पैशाऐवजी वेळेने दाम मोजतो आणि पत्र नाकारण्याची सोय त्याला उरलेली नाही. ज्या वस्तूची किंमत वापरणाऱ्याला द्यावी लागत नाही तिचा वापर गरजेपेक्षा अधिक होतो, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातील धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

हिशेबाच्या सोयीसाठी काही आकडे धरू. एका लग्नाच्या कामात, पहिल्या चौकशीपासून अल्बम हाती पडेपर्यंत, समजा ८० निरोपांची देवघेव झाली आणि प्रत्येकामागे सरासरी ५ मिनिटे गेली, तर ४०० मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे होतात. हंगामात अशी दहा कामे केली तर जवळजवळ ६७ तास. आठ तासांच्या दिवसाने मोजले तर आठ दिवसांहून अधिक. या आठ दिवसांचा उल्लेख दरपत्रकात कोठेही नसतो. दरपत्रकात कॅमेरे किती, माणसे किती, अल्बमची पाने किती एवढेच असते. शिवाय हे आठ दिवस सलग नसतात. ते पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी जेवणाच्या ताटावर, मुलाच्या अभ्यासाच्या वेळी, आजारी आईच्या उशाशी येऊन पडतात. परदेशस्थ यजमान असतील तर गोष्ट आणखी बिकट होते. कॅलिफोर्नियात संध्याकाळी काम आटोपून माणूस पत्र लिहावयास बसतो तेव्हा येथे सकाळची धांदल असते, आणि तेथील सकाळ म्हणजे आपली रात्र.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते, की माहितीची विपुलता जेथे होते तेथे लक्षाचे दुर्भिक्ष निर्माण होते. कारण माहिती लक्ष खाऊन टाकते. छायाचित्रकाराच्या बाबतीत हे दुर्भिक्ष दुहेरी आहे. त्याच्या धंद्याचे भांडवलच मुळी लक्ष हे आहे. अंतरपाट दूर होताना नवरीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर जे क्षणभर उमटते ते टिपावयाचे तर मन तेथे असावे लागते. ज्याचे मन खिशातील घणघणाटाकडे आहे त्याला ते दिसणार नाही. आणि घरी परतल्यावर त्याच्या स्वतःच्या मुलाच्या चेहऱ्यावरील भावही त्याला दिसणार नाही, हे नुकसान तर कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

मग फोन बंद का ठेवीत नाही?

येथे एक आक्षेप हटकून येतो. हा माणूस कोणाचा नोकर नाही. मग त्याने रात्री आठनंतर फोन बंद ठेवावा, कोणी अडविले आहे? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु त्यात स्पर्धेचे स्वरूप लक्षात घेतलेले नाही. लग्नाची तारीख ठरली की यजमान एकाच वेळी चार-पाच जणांना पत्र पाठवितात. जो पहिल्याने उत्तर देतो त्याच्याशी बोलणे सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच काम ठरून जाते. काही संकेतस्थळांवर तर व्यावसायिकाच्या नावाखाली तो साधारणपणे किती वेळात उत्तर देतो हेही दाखविलेले असते. म्हणजे उत्तराचा वेग हाच कामाच्या गुणवत्तेचा दाखला ठरला! अशा स्थितीत एकट्याने फोन बंद ठेवणे म्हणजे एकट्याने तोटा सोसणे होय. सर्वांनी जागे राहिल्यामुळे मात्र कोणाचाच फायदा होत नाही. लग्ने जेवढी आहेत तेवढीच राहतात आणि झोप सर्वांची जाते.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मधील एका निबंधात हीच गोष्ट बर्फावरील हॉकीच्या उदाहरणाने मांडली होती. डोक्याला इजा होण्याचा धोका ठाऊक असूनही खेळाडू शिरस्त्राण घालीत नसत. कारण इतर घालीत नसताना एकट्याने घालण्याची कोणाची तयारी नसे. पण सर्वांनी घालावे असा नियम झाला तर त्याला त्यांच्यापैकी अनेकांची संमती असे. यावरून निष्कर्ष एवढाच काढावयाचा, की काही प्रकारचे स्वातंत्र्य एकेकट्याला मिळूच शकत नाही. ते सर्वांनी मिळून घ्यावे लागते.

आपल्या महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुटीची मागणी धरून लावली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे बळ मिळाले. त्या रविवारच्या मागे कोणा एका कामगाराचा निग्रह नव्हता, सर्वांची एकत्र मागणी होती. पुढे १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने दुकानांनाही आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचा दंडक घातला. शेजारचे दुकानही बंद आहे हे ठाऊक असल्यामुळे दुकानदाराला त्या दिवशी गिऱ्हाईक जाण्याची भीती नसे. २०१७ च्या नव्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. कामगाराला आठवड्याची सुटी द्यावयाची ही अट मात्र ठेवली. एकट्याने धंदा चालविणाऱ्याच्या दृष्टीने या अटीचा उपयोग नाही, कारण त्याचा कामगार तोच.

कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाकारण्याचा हक्क हा अलीकडचा विचारही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून अमलात आला. आपल्या लोकसभेत श्रीमती सुप्रिया सुळे यांनी या विषयावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये खाजगी विधेयक मांडले. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. पण ते नोकर आणि मालक यांच्या नात्यापुरते आहेत. लोखंड्यांच्या कामगारांना अर्ज करण्यासाठी गिरणीमालक तरी होता. छायाचित्रकाराने अर्ज कोणाकडे करावयाचा? त्याचे मालक शेकडो आहेत, प्रत्येक जण दोन-चार महिन्यांपुरता मालक आहे, आणि आपण मालक आहोत याची त्यांतील कोणालाच जाणीव नाही.

सोमवारचे केशकर्तनालय

याला तोड कायद्याच्या पुस्तकात नसली तरी आपल्या रस्त्यावर आहे. महाराष्ट्रात अनेक गावांत केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. सोमवारी दाढी करावयाची नाही या समजुतीचा आधार त्याला असेल. पण व्यवहारात त्याचा परिणाम असा झाला, की एका संपूर्ण व्यवसायाला आठवड्याचा एक दिवस हक्काचा मिळाला. रविवारी सर्वांची सुटी म्हणून नाभिक बांधवांना काम अधिक; ती कसर सोमवारी भरून निघते. सोमवारी केस कापावयास कोणी जात नाही आणि त्यामुळे कोणाचे अडतही नाही. गिऱ्हाईक मंगळवारी येते.

छायाचित्रकारांची अडचण नेमकी याच जातीची आहे. अनेक शहरांत त्यांच्या संघटना आहेत. दिवाळीच्या शुभेच्छांचे फलक लावणे आणि कॅमेऱ्यांची प्रदर्शने भरविणे यापलीकडे जाऊन त्यांनी एवढे ठरवावे, की आठवड्यातील एक वार निरोपांना उत्तर न देण्याचा आणि रोज रात्री ठराविक घटकेनंतर पत्रव्यवहार बंद. मुहूर्त कोणत्याही वारी येऊ शकतो, त्यामुळे काम करण्याला बंदी घालून चालणार नाही. बंदी हवी ती उत्तरे देण्याला, आणि त्यातून त्या दिवशीच्या समारंभाचे यजमान वगळावेत. हा वार दुकानाच्या दारावर, पत्राच्या तळाशी, आगाऊ रकमेच्या पावतीवर छापावा. कोणावर सक्ती करता येणार नाही, आणि काही जण सुरुवातीला नियम मोडून फायदाही उठवतील. पण निम्म्याहून अधिक लोकांनी पाळलेली रूढी उरलेल्यांना हळूहळू खेचून घेते. मात्र वेळेबरोबर दरही एकत्र ठरवावेत असा मोह संघटनांनी टाळला पाहिजे. दरांचा संगनमताने निश्चय हा ग्राहकहिताच्या विरुद्ध आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याशी विसंगत आहे. लोकांची सहानुभूती हवी असेल तर मागणी विश्रांतीची असावी, भाववाढीची नव्हे.

दराच्या बाबतीत प्रत्येकाने आपापला हिशेब नीट मांडावा. अल्बममध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मूळ दरात, पुढील प्रत्येक फेरीला वेगळे पैसे. निवडीसाठी पाठविलेली चित्रे अमुक दिवसांत परत आली नाहीत तर अल्बमची तारीख तितकीच पुढे जाईल. यजमानांच्या वतीने बोलणारी व्यक्ती एकच असेल. एवढी तीन कलमे सुरुवातीलाच कागदावर आली तर निम्मे निरोप आपोआप थांबतील. नॉटपेड पत्रांवर उपाय तिकीट हाच होता. गोड बोलून काम होते म्हणून कागद टाळण्याची जी आपली सवय आहे तिची किंमत शेवटी दुर्बळ पक्षालाच मोजावी लागते.

ग्राहकाचे कर्तव्य

उरला प्रश्न आपला, म्हणजे ग्राहकांचा. या पानाचे वाचक बहुतांशी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आहेत. रात्री नऊ वाजता मुख्याध्यापकांचा निरोप आला, सुटीच्या दिवशी साहेबांनी माहिती मागविली, की आपण संतापतो; आणि तो संताप रास्तच असतो. परंतु तोच शिक्षक, तोच कारकून त्याच रात्री दहा वाजता छायाचित्रकाराला “अल्बमचे काय झाले?” असे विचारतो, आणि निरोप वाचला गेल्याची निळी खूण दिसूनही पाच मिनिटांत उत्तर आले नाही तर नुसते प्रश्नचिन्ह पाठवितो. दिवसा जो हक्क आपण मागतो तो रात्री दुसऱ्याला नाकारतो, ही विसंगती आपल्या ध्यानात येत नाही. कारण आपल्या मते आपण मालक नसतो. आपण साधे गिऱ्हाईक असतो. वस्तुतः एकट्या व्यावसायिकाच्या आयुष्यात मालकाची सत्ता गिऱ्हाइकाच्याच हाती असते.

म्हणून आपण काय करावे? लग्नघरातून वधू, वर, दोन्ही आया आणि चार आतेमामे भावंडांनी वेगवेगळे विचारण्याऐवजी एकाने सर्वांचे प्रश्न एकत्र करून एक पत्र लिहावे. ठरलेल्या तारखेच्या आत चौकशी करू नये आणि ती तारीख टळली तर मात्र खुशाल जाब विचारावा. रात्री आठवलेली गोष्ट कागदावर टिपून सकाळी पाठवावी. काम देताना चटकन उत्तर देणाऱ्याऐवजी चांगले काम करणारा निवडावा. त्यासाठी एखादा दिवस वाट पाहावी लागली तर लग्न काही अडून राहत नाही. आणि अल्बम हाती पडला की उरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत, म्हणजे त्या गरीब माणसाला आपल्याला निरोप पाठवीत बसावे लागणार नाही.

यात त्याग असा काहीच नाही. थोडी शिस्त आहे आणि थोडे सौजन्य आहे. पूर्वी ही शिस्त आपल्याला टपालाच्या दराने, दुकानाच्या फळ्यांनी आणि डार्करूमच्या बंद दाराने लावली होती. ती साधने गेली, म्हणून आता ती शिस्त जाणूनबुजून पाळावी लागेल. तसे झाले नाही तर या व्यवसायातील चांगली माणसे काही वर्षांतच थकून दुसरीकडे वळतील, आणि जी उरतील ती उत्तरे देण्यात तरबेज असतील, फोटो काढण्यात असतीलच असे नाही. तेव्हा या हंगामात घरात कार्य असेल त्यांनी आगाऊ रक्कम देतानाच छायाचित्रकाराला एक प्रश्न विचारावा: “तुमचा सुटीचा वार कोणता?” बहुतेकांजवळ आज याचे उत्तर नसेल. पण दहा घरांतून हा प्रश्न विचारला गेला, की ते उत्तर शोधणे त्यांना भाग पडेल.